मुळ्या फटीतूनच शिरतात

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या किल्ले धारूरच्या आसपास, चढावर कुठेही कुदळ मारली की थोड्याच खोलीवर मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण. तोच उतार उतरून खाली शिवारात गेले की जमीन खोल काळ्या मातीची होते. सांडपाण्याचा पाइप पुरताना या दोन जमिनी दोन वेगळ्या तऱ्हांनी त्रास देतात. दोन्हीकडे शेवटी दोष मात्र एकाच्याच माथी येतो, अंगणातल्या झाडाच्या. संडास तुंबतो, मोरीचे पाणी उलटे येते, चेंबरचे झाकण काढून पाहिले तर आत मुळ्यांचा गुंता. मग कुऱ्हाड निघते. वीस वर्षे वाढवलेला गुलमोहर एका दुपारी आडवा होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत संडास पुन्हा तुंबतो. कारण ज्या फटीतून मुळी आत शिरली ती फट तिथेच असते. कोपऱ्यावरची बोगनवेल, शेजारच्या परसातला पेरू, भिंतीत पक्ष्याच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ, यांपैकी कुणीतरी ती शोधतोच.

मूळ पाण्याचा वास घेत पाइपपर्यंत येते, असे लोक म्हणतात. तसे नाही. मुळाचे टोक मातीतला ओलावा ओळखते आणि जास्त ओल असलेल्या बाजूला वळते. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिसबरोबर वनस्पतींच्या हालचालींवर जे पुस्तक १८८० साली छापले, त्यात टोकाच्या या संवेदनक्षमतेचा सविस्तर अभ्यास आहे. मूळ लांबून पाइप हेरून निघालेले नसते. ते चहूकडे बारीक फाटे सोडत असते. कोरड्या दिशेचे फाटे खुंटतात, ओल्या दिशेचे वाढतात. पाइपचा सांधा जिथे पाझरतो तिथली माती भर उन्हाळ्यातही ओली असते, तिच्यात साबणाचा, मैल्याचा, खरकट्याचा अंश उतरलेला असतो. नत्र आणि स्फुरद दोन्ही आयते मिळतात. अशा जागी फाट्यांचा झुबका होतो आणि त्यातला एखादा, केसाएवढा, सांध्यातून आत उतरतो.

आत शिरल्यावर त्याला हवा, पाणी आणि खत, तिन्ही एकत्र मिळतात. मातीत ही तीन एकाच जागी क्वचित मिळतात. मुळी आत पसरते आणि जाडही होते. सांध्यात अडकलेला भाग जाड होऊ लागला की दाब देऊ लागतो. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ साली रोपांची मुळे प्लास्टरमध्ये जखडून त्यांचा दाब मोजला होता. वाढते मूळ साधारण दहा वातावरणांपर्यंत दाब देऊ शकते, असा आकडा तेव्हापासून आजपर्यंतच्या मोजमापांतून पुढे येतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या चार-पाच पट! तडा गेलेली खापरी किंवा सिमेंटचा लेप त्यापुढे टिकत नाही. पण धड, अखंड पाइपच्या भिंतीतून ते सहसा आरपार जात नाही, कारण त्याला आधी टोक घालायला जागा लागते. म्हणून मुळ्यांनी तुंबलेल्या प्रत्येक पाइपमागे आधी एक पाझरता सांधा असतो. झाड नंतर येते.

धारूरसारख्या मुरमाड गावात यात आणखी एक गोष्ट घडते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट दूरपर्यंत पसरतात. पाषाणाच्या भूमीत तर त्यांना खाली जाताच येत नाही. अशा अंगणात पाइपसाठी खणलेली चर ही मोकळ्या मातीची एकमेव पट्टी ठरते. मुरूम फोडून चर काढलेली, पाइप टाकून भुसभुशीत मातीने बुजवलेली, वरचे पावसाचे पाणीही तिच्यात मुरलेले. मुळाला डोंगरात वाट मिळाली तर ते पाइप पाझरत नसला तरी त्याच वाटेने, पाइपच्या अंगाला अंग लावून चालत जाते. मग वाटेत जो सांधा ढिला असेल तो त्याला सापडतोच. याच डोंगरावर सीताफळ खडकाच्या चिरेत मूळ घालून कोरड्या हंगामात तग धरते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच बालाघाटच्या खडकाळ उतारांवरच्या फळाचे. खडकाची चीर शोधण्याची ही ताकद डोंगरावर कौतुकाची वाटते. परसात तिचीच अडचण होते.

खाली काळ्या मातीत गोष्ट वेगळी. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो, काही भेगा तीन-चार फूट खोल असतात. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत त्याच भेगा मिटतात. जमीन दरवर्षी अशी हलते आणि तिच्यात पुरलेला पाइप प्रत्येक वेळी थोडा उचलला जातो, थोडा बसतो. सांध्यात भरलेले सिमेंट ताठ असते, ते तडकते. मराठवाड्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटोपणारा. उरलेल्या आठ महिन्यांत अंगणात ओली राहणारी जागा म्हणजे सांडपाण्याची चर. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ सारख्या वर्षांत, जेव्हा झाडांना कुणी घागरभर पाणी घालत नव्हते, तेव्हा परसातली कितीतरी झाडे गळक्या पाइपच्या जोरावर जगली असणार. त्यांनी मुळ्या तिथे नेल्या यात नवल ते काय?

आता पाइपकडे पाहू. जुन्या घरांत संडासापासून टाकीपर्यंत चिनी मातीचा, म्हणजे स्टोनवेअरचा, चकचकीत तपकिरी पाइप असतो. हा पाइप स्वतः फार टिकाऊ, पण त्याचा एक तुकडा दोन-तीन फुटांचाच. चाळीस फुटांच्या ओळीत पंधरा ते वीस सांधे. प्रत्येक सांध्यात काथ्या ठोकून वर सिमेंट-वाळूचा लेप. काथ्या कुजतो, लेप तडकतो. पुढे पीव्हीसी आला, वीस फुटी नळी आली आणि तेवढ्याच अंतरात दोन-तीन सांध्यांवर काम भागू लागले. मुळ्यांचा प्रश्न यामुळे बराच मिटायला हवा होता. पण साइटवर काय चालते ते पाहावे. कॉलर नसलेल्या पाइपचे तोंड जाळावर तापवतात, मऊ झाले की दुसऱ्या पाइपवर दाबून कॉलर काढतात. ती कधी लंबगोल होते, कधी एका बाजूने पातळ. चिकटवायच्या सोल्युशनचा डबा महाग म्हणून नुसतेच पाइपमध्ये पाइप खुपसतात, ‘जमिनीत तर पुरायचंय’ असे म्हणत. आणि सगळ्यात मोठी चूक चेंबरच्या भिंतीशी होते. विटांची भिंत छिन्नीने फोडून पाइप आत घेतात आणि भोवतालची पोकळी मूठभर मालाने बुजवतात. पीव्हीसी गुळगुळीत, त्याला सिमेंट धरत नाही. वर्षभरात पाइपभोवती बांगडीसारखी फट सुटते. पाइपच्या टोकाला पॉलिशपेपर मारून, सोल्युशन लावून त्यावर वाळू चिकटवली आणि मग गिलावा केला तर सिमेंटला पकड मिळते. पाच मिनिटांचे काम, पण ते कोणी सांगितल्याशिवाय होत नाही.

तुंबलेले दिसले की मुळ्याच असतील असे नाही. घरातल्या पाइपमध्ये अडकणाऱ्या वस्तूंत मुळ्या खरे तर मागे आहेत. स्वयंपाकघराच्या सिंकमधून जाणारे तेल-तूप थंड पाइपला चिकटते आणि त्यावर चहाची पूड, भाताची शिते बसत जातात. भांडी राखेने किंवा मातीने घासली जात तेव्हा तीच राख खाली थर धरून बसायची. न्हाणीत केस आणि साबणाचे मेण, संडासात सॅनिटरी पॅड, पाऊच, मुलांची खेळणी. कोणते कारण आहे ते लक्षणांवरून बरेचसे कळते. एकटे सिंक तुंबले, बाकी सगळे वाहते आहे, तर बिघाड सिंकच्या खालच्या ट्रॅपमध्ये किंवा जवळच्या तुकड्यात. संडास, मोरी, बेसिन सगळे एकदम मंदावले तर मुख्य ओळ किंवा टाकी. मुळ्यांची खूण निराळी. त्या एका दिवसात तुंबवत नाहीत. आधी फ्लश केल्यावर पाणी सावकाश उतरते, मग न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, मग एखाद्या दिवशी घरात पाहुणे असताना सगळे थांबते. स्प्रिंग मारली की मोकळे होते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. दुसरी खूण जमिनीवर दिसते. वैशाखात सगळे अंगण वाळलेले असताना एका पट्ट्यातले गवत हिरवे असेल, तर खाली पाइप गळतो आहे.

खात्री करायला कॅमेरा हवाच असे नाही, जरी मोठ्या शहरांत आता पाइपमध्ये कॅमेरा सोडणारे सहज मिळतात. बांधकाम खात्यातल्या जुन्या माणसांना आरशाची आणि चेंडूची चाचणी ठाऊक असते. दोन चेंबर्सच्या मधला पाइप सरळ असेल तर एका चेंबरमध्ये आरसा तिरपा धरून सूर्याचा कवडसा आत सोडायचा आणि दुसऱ्या चेंबरमधून पाहायचे. पाइप मोकळा असेल तर दुसऱ्या टोकाला प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. पाइप बसला असेल तर ते खालून कापलेले दिसते, मुळी लोंबत असेल तर तिच्या रेषा स्पष्ट दिसतात. चेंडूची चाचणी आणखी सोपी. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकातून सोडायचा, तो खाली आला पाहिजे. नवा पाइप बुजवण्याआधी ही चाचणी घेतली तर आत सांडलेला मालाचा गोळाही तेव्हाच सापडतो. गळती पाहायची तर खालचे तोंड बुच मारून बंद करायचे, पाइप पाण्याने भरायचा आणि वरच्या टोकाला पातळी उतरते का ते पाहायचे. यातले काहीही फार खर्चाचे नाही. चर बुजवायच्या आधी अर्धा तास थांबावे लागते, एवढेच.

मुळ्या बाहेर काढताना ज्याने पाहिले आहे त्याला ते दृश्य विसरता येत नाही. गली ट्रॅपमध्ये हात घालून (हातमोजा घालूनच) एक टोक सापडते, ओढले की येतच राहते. गंगावनासारखा लांब, काळपट-तांबूस झुपका, आतल्या बाजूला पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने विंचरल्यासारखा. त्यात अडकलेले केस, प्लास्टिकच्या चिंध्या, पांढरट चरबीच्या गोळ्या. आणि हा सगळा झुपका ज्या ठिकाणाहून निघालेला असतो तिथली मुळी पाहावी तर सुतळीएवढी, कधी त्याहूनही बारीक.

झुपका काढायच्या रीती जुन्या आहेत. बांबूच्या चिवट कामट्या एकमेकींना बांधून पाइपमध्ये ढकलण्याची पद्धत अजूनही गावोगावी चालते. मुळ्यांवर तिचा फारसा उपयोग नाही, कामटी मधून आरपार जाते आणि मुळ्या पुन्हा मिटतात. मुळ्या कापणारे यंत्र अमेरिकेत तयार झाले. आयोवा राज्यातल्या सॅम्युअल ब्लँक यांनी १९३० च्या दशकात मुलाच्या घराचा तुंबलेला पाइप मोकळा करण्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, छोटी चाके आणि पोलादी दोर जोडून एक जुगाड केले आणि दोराच्या टोकाला फिरती पाती बसवली. त्यातून ‘रोटो-रूटर’ ही कंपनी उभी राहिली. आज आपल्याकडे बाजारात मिळणारी विजेवर चालणारी स्प्रिंग त्याच कुळातली. तिच्यापेक्षा प्रभावी म्हणजे जेटिंग. जाड होजच्या टोकाचे तोंड मागच्या बाजूला दाबाने पाणी फेकते, त्यामुळे ते स्वतःच पुढे सरकते आणि वाटेतला गाळ, चरबी, बारीक मुळ्या मागे ओढून आणते. पाइप जुना खापरी असेल तर दाब जपून ठेवावा लागतो, नाहीतर सैल झालेला तुकडाच निसटतो.

पण कापलेली मुळी मरत नाही. फांदी छाटली की जशी चार धुमारे फोडते, तशीच कापलेली मुळीही टोकामागून अनेक फाटे फोडते आणि पुढच्या खेपेचा झुपका आधीपेक्षा दाट असतो. म्हणून लोक रसायनांकडे वळतात. शेतकऱ्याच्या घरात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच, तो संडासात ओततात. मोरचुदाने पाइपमधल्या मुळ्या जळतात हे खरे आहे, बाहेरच्या झाडाला त्याचा सहसा मोठा धक्का बसत नाही. पण तोच मोरचूद पुढे सेप्टिक टाकीत जातो, मैला कुजवणारे जिवाणू मारतो, आणि शोषखड्ड्यातून मातीत आणि तिथून बोअरपर्यंत जातो. ज्या गावात पिण्याचे पाणी जमिनीखालून येते तिथे हे करू नये. ॲसिडची बाटली मुळ्यांना फारशी बाधत नाही, पाइपच्या सिमेंटच्या सांध्यांना मात्र बाधते. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकापाठोपाठ ओतण्याची खोड तर जिवावर बेतणारी आहे, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि न्हाणीघर लहान असते.

खोदाई न करता पाइप आतून नवा करण्याची एक युक्ती लंडनमध्ये १९७१ साली एरिक वूड या अभियंत्याने यशस्वी केली. राळेत भिजवलेली नमद्याची लांब पिशवी जुन्या पाइपमध्ये उलगडत न्यायची, आतून फुगवायची आणि ती कडक होऊ द्यायची. जुन्या पाइपच्या आत अखंड, सांधा नसलेला पाइप तयार होतो. महानगरांच्या मोठ्या गटारांसाठी ही पद्धत आता भारतातही वापरतात. धारूरच्या घराला तिची गरज नाही, इथे पाइप फूट-दोन फुटांवरच असतो आणि चर उकरून तेवढा तुकडा बदलणे स्वस्त पडते. पण तिच्यामागचे तत्त्व महत्त्वाचे. मुळ्यांवर कायमचा उपाय करणाऱ्या माणसाने सांधेच काढून टाकले.

या तत्त्वाचा दुसरा भाग मराठवाड्याला चारशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. जमिनीखालून पाणी न्यायचे असेल तर माणसाला ते पाहता आले पाहिजे. बीड शहराजवळची खजाना बावडी ही विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधवून घेतली, स्थपती राजा भास्कर. तिच्या बाहेर जाणाऱ्या भुयारी वाटेवर वर उघडणारी तोंडे ठेवलेली आहेत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शहरात पाणी आणले, त्या दगडी नळावरही ठरावीक अंतरावर उच्छ्वास आहेत. हवा खेळावी, गाळ तळाशी बसावा आणि माणसाला आत डोकावून तो काढता यावा, ही सगळी कामे ही तोंडे करतात. तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता आणि हा सांडपाण्याचा आहे, पण घराच्या ओळीवर जिथे पाइप वळतो किंवा दुसरा पाइप येऊन मिळतो तिथे चेंबर हवाच, तो याच कारणाने. आज घर बांधताना पहिली काटछाट चेंबरवर होते. दोन वळणे एल्बोने मारून थेट टाकीत पाइप सोडतात, वर फरशी बसवतात. मग तुंबले की फरशी फोडायची.

उताराचेही असेच. चार इंची पाइपला चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच ढाळ पुरतो. ढाळ कमी असेल तर घनपदार्थ मागे राहतात, राहिलेल्या गाळात मुळ्या सुखाने वाढतात. उलट लोक ‘जास्त ढाळ दिला की जोरात जाईल’ असे समजून पाइप खडा उतरवतात. संडासाच्या ओळीत ते उपयोगाचे नाही, पाणी पळून जाते आणि जड भाग मागे अडकतो.

सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांत एकदा उपसायची असते. बहुतेक घरांत ती तुंबल्याशिवाय उघडली जात नाही. पाइपमध्ये मुळ्या आहेत असे समजून चर खणली जाते आणि बिघाड टाकी गच्च भरल्याचा निघतो, असेही होते. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास पाळीपाळीने शहरातल्या प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांत एकदा यंत्राने उपसण्याची योजना सुरू केली आणि मैल्यासाठी प्रक्रिया केंद्रही चालवले. घरमालकाला आठवण ठेवावी लागत नाही, गाडी वेळापत्रकाने येते. मराठवाड्यातल्या छोट्या नगरपरिषदांनी यातून शिकण्यासारखे खूप आहे.

यंत्राने, हा शब्द इथे कळकळीने लिहावा लागतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथे सेप्टिक टाकी साफ करायला उतरलेले पाच जण गुदमरून गेले. सोनपेठ बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे, म्हणजे ही गोष्ट धारूरपासून फार लांबची नाही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणून ‘आता वास येत नाही’ ही खात्री मुळीच नव्हे. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दोरी, तोंडाला ओला रुमाल, झाकण तासभर उघडे ठेवणे, पेटती काडी टाकून बघणे, यातले काही उपयोगाचे नाही, आणि काडीने तर मिथेन पेटतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा गटार किंवा टाकीत माणसाला संरक्षणाशिवाय उतरवायला मनाई करतो, तो घरमालकालाही लागू आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. असे मरण आल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. मजुरीचे हजार रुपये घेऊन उतरणारा माणूस आपल्याच गावचा असतो. सक्शनची गाडी तालुक्याला नसेल तर शेजारच्या नगरपरिषदेतून मागवावी, चार दिवस थांबावे.

मग झाडाचे काय? वड, पिंपळ, उंबर ही मंडळी फट शोधण्यात अव्वल. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या तटांमध्ये त्यांनी काय केले आहे ते धारूरकरांना वेगळे सांगायला नको, सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला किल्ला गावाला लागूनच उभा आहे. शोभेचा फायकसही त्याच घराण्यातला, कुंडीतून जमिनीत उतरवला की दहा वर्षांत तो कंपाउंडची भिंत उचलतो. गुलमोहराची मुळे वरवर धावतात, सुबाभूळ आणि निलगिरी ओलीकडे वेगाने जातात. हे सगळे पाइपपासून निदान वीस-पंचवीस फूट लांब असावेत. लहान अंगणात ते जमत नसेल तर कढीपत्ता, जास्वंद, लिंबू, पारिजातक यांना जागा द्यावी, यांच्याही मुळ्या फट मिळाली तर शिरतील, पण त्यांचा जोर कमी. मोठे झाड आधीच असेल तर पाइपचा मार्ग बदलावा. झाड तोडणे हा शेवटचा उपाय, आणि शहरी भागात तो मनाने करता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला परवानगी लागते. तोडलेच, तरी खालचे मूळ जिवंत राहू शकते आणि पिंपळासारखे झाड बुंध्यातून पुन्हा फुटते.

जुन्या घरांत मोरीचे पाणी पाइपमध्ये कोंडतच नसत. ते उघड्या पन्हळीतून परसात सोडले जाई, तिथे केळ, अळू, कर्दळ असे. ज्या झाडांना ओल लागते त्यांनाच ओल दिली जाई. संडासाचे पाणी असे सोडता येत नाही, ते टाकी आणि शोषखड्ड्यातच गेले पाहिजे, आणि तो खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान अठरा मीटर दूर हवा. पण न्हाणी आणि स्वयंपाकघराचे पाणी वेगळे काढले तर मुख्य ओळीवरचा भार निम्म्याहून कमी होतो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने हा मार्ग सगळ्या गावासाठी धरला. घरोघरी ‘मॅजिक पिट’ म्हणजे शोषखड्डे केले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात वरच्या भागात भोके असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. सांडपाणी आधी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो, निवळलेले पाणी भोकांतून खडीत जिरते. गावातल्या उघड्या गटारी नाहीशा झाल्या, डास कमी झाले, आणि पुढे रोजगार हमी योजनेतून असे खड्डे करण्याचे काम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून जिल्हाभर नेले गेले.

या खड्ड्याजवळच्या झाडाच्या मुळ्या खडीत शिरतातच, त्यांना अडवायची गरज नाही, उलट त्या पाणी शोषून घेतात. काळजी घ्यायची ती आतल्या टाकीची. वर्षातून एकदा झाकण काढून तळचा गाळ उपसायचा आणि भोकांत अडकलेल्या मुळ्या कात्रीने कापायच्या. हे काम उन्हाळ्यात, भेगा उघड्या असताना करावे. पाइपचा तडकलेला सांधा बदलायचा असेल तर मात्र काळ्या मातीत दिवाळीनंतरचे दिवस बरे. माती ओलसर पण घट्ट असते, चरीच्या कडा ढासळत नाहीत, आणि चर बुजवताना पाइपखाली व भोवती काळ्या मातीऐवजी मुरूम किंवा वाळू भरता येते, म्हणजे पुढच्या मेमध्ये जमीन आकसली तरी पाइप तिच्याबरोबर ओढला जात नाही.